ऊन आणि बिडी: एकाच पाहणीत दोन्ही कसं मोजायचं, दोन्हींवर मदत कशी करायची

बांधकामाच्या साइटवर दुपारची सुट्टी झाली की सावली बहुधा एकाच ठिकाणी सापडते, टपरीच्या पत्र्याखाली. तिथे चहा असतो, आणि चहाबरोबर बिडी. अशा जागी 'ऊन टाळा' सांगणारा कार्यकर्ता सोमवारी गेला आणि 'तंबाखू सोडा' सांगणारा गुरुवारी गेला, तर पहिल्याचा सल्ला पाळणारा माणूस थेट टपरीवर जाऊन बसतो आणि दुसऱ्याचं काम अवघड होतं. उघड्यावर राबणाऱ्यांच्या बाबतीत हे दोन विषय एकत्रच घ्यावे लागतात. सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी, संस्थांचे क्षेत्र-समन्वयक आणि आरोग्य केंद्रांतून असं काम उभं करू पाहणारे, यांच्यासाठी ही पद्धत आहे: विचारायचं काय, मोजायचं कसं, मदत कोणती द्यायची आणि आकडे कुठे फसवतात.

मेलबर्नकडून काय घ्यायचं

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात (मेलबर्न ही त्याची राजधानी) हे दोन विषय शेजारी-शेजारी वाढले. तिथल्या कर्करोग परिषदेने १९८१ मध्ये 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' ही मोहीम काढली: सदरा चढवा, क्रीम चोपडा, टोपी घाला. १९८७ च्या तंबाखू कायद्याने तंबाखूवरच्या अधिभारातून 'व्हिकहेल्थ' हा आरोग्यनिधी उभा केला, आणि १९८८ पासून 'सनस्मार्ट' कार्यक्रमाला त्यातून पैसा मिळाला. उन्हापासून वाचवण्याचा खर्च सिगारेटच्या पाकिटातून निघाला, असं म्हटलं तरी चालेल.

त्याच परिषदेतले संशोधक डेव्हिड हिल आणि त्यांचे सहकारी तंबाखू आणि ऊन या दोन्ही सवयींचा अभ्यास करत. त्यांच्या उन्हाच्या पाहणीतली एक गोष्ट आजही जशीच्या तशी उचलावी अशी आहे. 'तुम्ही टोपी घालता का?' असं ते विचारत नसत. उन्हाळ्यात सोमवारी फोन करून आदल्या शनिवार-रविवारबद्दल विचारत: ११ ते ३ दरम्यान बाहेर होता का, त्या वेळी डोक्यावर काय होतं, अंगावर काय होतं, क्रीम लावलं होतं का, भाजलं का. त्या दिवसाचं हवामानही नोंदत, कारण ढगाळ रविवारी भाजणारे कमी निघाले तर त्याचं श्रेय मोहिमेला देता येत नाही. १९८८ ते १९९० या तीन उन्हाळ्यांत टोपी घालणारे १९ टक्क्यांवरून २६ आणि मग २९ टक्क्यांवर गेले, क्रीम लावणारे १२ वरून १८ आणि २१ टक्क्यांवर, आणि भाजल्याचं सांगणारे ११ वरून १० आणि ७ टक्क्यांवर आले.

त्वचेचा प्रश्न मात्र तिथून उचलायचा नाही. तिथली लोकसंख्या प्रामुख्याने गोरी, आणि त्यांची मुख्य चिंता मेलानोमाची, म्हणजे त्वचेच्या घातक कर्करोगाची. भारतात त्वचेचा कर्करोग तुलनेने विरळा आहे. सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त असल्याने तिला उपजत संरक्षण असतं. आपल्याकडे उन्हाचं खरं नुकसान डोळ्यांत, खालच्या ओठावर आणि वांगाच्या डागांत दिसतं: मोतीबिंदू, आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारं मांस. यातला मोतीबिंदू धूम्रपानानेही लवकर येतो, आणि खालच्या ओठाच्या कर्करोगात ऊन आणि तंबाखू दोघांचाही वाटा असतो. मजुराला पटवताना 'त्वचेचा कर्करोग' हे शब्द वापरले तर तो ऐकून घेतो, मान डोलावतो आणि विसरतो. 'डोळा' म्हटलं की थांबतो. ज्यांच्या अंगावर कोडाचे पांढरे चट्टे आहेत किंवा ज्यांची कातडी जन्मतःच वर्णहीन आहे, त्यांचं मात्र वेगळं. त्यांना अर्ध्या तासातही भाजतं, आणि त्यांच्यासाठी क्रीम, पूर्ण बाह्या आणि टोपी तिन्ही लागतात.

प्रश्न कालच्या दिवसाचा

सवयीबद्दल विचारलं की माणूस स्वतःबद्दलचं मत सांगतो. कालच्या दिवसाबद्दल विचारलं की घडलेलं सांगतो. म्हणून प्रश्नावलीतला प्रत्येक प्रश्न कालचा ठेवा.

उन्हासाठी: काल दुपारी १२ ते ३ मध्ये उघड्यावर किती वेळ होता (अजिबात नाही, अर्ध्या तासापेक्षा कमी, अर्धा ते दीड तास, त्याहून जास्त)? त्यातला सर्वांत लांब सलग वेळ किती? त्या वेळी डोक्यावर काय होतं? बाह्या कुठपर्यंत? डोळ्यांवर काही होतं का? मग भाजण्याचा प्रश्न. इथे मराठी प्रश्नावल्या इंग्रजीवरून उतरवताना हमखास चुकतात, कारण मूळ प्रश्न 'कातडी लाल झाली का' असा असतो. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही आणि उत्तर 'नाही' येतं. त्याऐवजी विचारा: हात लावल्यावर झोंबत होतं का, अंघोळीचं पाणी लागलं का. भाजण्याचा त्रास १२ ते २४ तासांत टोकाला जातो, म्हणून त्याच संध्याकाळी विचारू नका, दुसऱ्या दिवशी विचारा.

तंबाखूसाठी 'धूम्रपान करता का' हा प्रश्न टाळा. एकेक नाव घ्या: बिडी, सिगारेट, चिलीम, मळलेली तंबाखू, मावा, खर्रा, गुटखा, मिश्री. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे ते नाव घेताना पुढचा माणूस आधी तुमच्या ओळखपत्राकडे बघतो. पुडी कुठून आणली ते विचारायचं नाही, हे त्याला आधीच सांगा. मिश्री लावणाऱ्या बायका तिला दात घासण्याचंच साधन मानतात, त्यामुळे नाव घेतल्याशिवाय ती कधीच नोंदीत येत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूररहित तंबाखू वापरणारे प्रौढ २४ टक्क्यांच्या आसपास होते आणि ओढणारे ४ टक्क्यांच्या आसपास. बिडी सोडून तंबाखू मळायला लागलेला माणूस तुमच्या कागदावर 'सोडली' म्हणून जाऊ नये, यासाठीच ही लांबलचक यादी.

व्यसन किती खोल आहे हे दोन प्रश्नांत कळतं. उठल्यावर पहिली बिडी किती वेळात: ५ मिनिटांत ३ गुण, ६ ते ३० मिनिटांत २, ३१ ते ६० मध्ये १, त्यानंतर शून्य. दिवसाला किती: १० पर्यंत शून्य, ११ ते २० ला १, २१ ते ३० ला २, ३१ किंवा जास्तला ३. एकूण ४ किंवा जास्त आले तर नुसत्या गप्पांनी भागणार नाही, निकोटिनचा गम (तलफ भागवायला चघळायची गोळी) लागेल असं धरून चाला. बिडी मोजताना 'किती' विचारू नका. 'एक बंडल किती दिवस पुरतं आणि त्यातून दुसऱ्यांना किती जातात' असं विचारा. बिडी वाटून ओढली जाते, आणि सांगितलेला आकडा बंडलाच्या हिशोबाशी क्वचितच जुळतो.

मुलाखतीला मुकादम शेजारी बसलेला असेल तर ती मुलाखत करू नका. सासू समोर असताना सुनेला मिश्रीबद्दल विचारू नका. आणि पहिली फेरी श्रावणात किंवा रमजानात घेऊ नका. श्रावण पाळणारे महिनाभर बिडीला हात लावत नाहीत आणि 'सोडलीये' असं अगदी खरेपणाने सांगतात. भाद्रपदात ती पुन्हा सुरू होते आणि तुमच्या तक्त्यात कार्यक्रमाने लोक बिघडवले असं दिसतं. सोडण्याची तारीख ठरवायला मात्र श्रावणाचा पहिला दिवस उत्तम.

नुसतं विचारून भागत नाही

टोप्या मोजायला दोन माणसं आणि एक तक्ता लागतो. साइटच्या एका ठरलेल्या टोकाला उभं राहायचं, दुपारी १२ ते १२:१५ या पंधरा मिनिटांत समोरून जाणारा प्रत्येक माणूस नोंदायचा. रकाने थोडेच ठेवा: डोकं (उघडं, टॉवेल किंवा उपरणं, गांधी टोपी किंवा कॅप, काठ असलेली टोपी, हेल्मेट), मान झाकली की उघडी, कोपराखालचे हात झाकले की उघडे, तोंडात किंवा हातात बिडी. दोघांनी एकमेकांना न विचारता तीच माणसं मोजायची. पहिल्या पन्नास माणसांत चारपेक्षा जास्त ठिकाणी फरक पडला तर व्याख्या सैल आहे. भांडण बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर होतं: खांद्यावरचा टॉवेल मान झाकतो की नाही? ठरवा आणि तक्त्याच्या माथ्यावर लिहा: मानेचा मणका दिसला तर उघडी.

ऊन किती कडक होतं हेही त्याच वेळी नोंदायचं. अतिनील निर्देशांक (उन्हातल्या भाजणाऱ्या, न दिसणाऱ्या किरणांचा जोर सांगणारा आकडा) ३ किंवा वर असेल तर संरक्षण लागतं, ८ पासून फार कडक, ११ पासून टोकाचं. महाराष्ट्रात थंडीतल्या निरभ्र दुपारीही तो ३ च्या बराच वर असतो, हे नव्या कार्यकर्त्यांना खरं वाटत नाही. ऊन आणि उकाडा एक नव्हे. जानेवारीत हवा गार असते, डोळ्याला बसणारा मारा चालूच असतो. यंत्र नसेल तर एक मीटरची काठी उभी रोवा. सावली काठीपेक्षा आखूड म्हणजे सूर्य ४५ अंशांच्या वर, सावली अर्धा मीटर म्हणजे ६३ अंशांच्या वर. घड्याळावर विसंबू नका. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, त्यामुळे मुंबईत मे महिन्यात सूर्य माथ्यावर येतो तो साधारण १२:३५ ला आणि फेब्रुवारीत १२:५० च्या पुढे. नागपूर पंचवीस मिनिटांनी आधी. '१० ते २ टाळा' हा परदेशी सल्ला मुंबईत दुपारी दोनला संपतो तेव्हा ऊन अजून भरात असतं.

धुरासाठी श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं हातात मावणारं यंत्र वापरतात. माणसाने श्वास भरून १५ सेकंद रोखायचा आणि मग सावकाश, छाती रिकामी होईपर्यंत नळीत सोडायचा. ५-६ सेकंदांत फुंकून मोकळा झाला तर आकडा खोटा कमी येतो. नळी प्रत्येकाला नवी. पूर्वी १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) ही सीमा धरत, हल्ली ६ च्या आसपास धरतात. कोणती धरली ते अहवालात लिहा आणि अभ्यासाच्या मध्यात बदलू नका.

हे यंत्र फसतं, आणि आपल्याकडे ते कसं फसतं हे ठाऊक असायला हवं. कार्बन मोनॉक्साइड शरीरातून चार-सहा तासांत निम्मा होतो, त्यामुळे रात्री शेवटची बिडी ओढलेला माणूस सकाळी सातला निर्दोष दिसतो. मोजणी दुपारनंतर घ्या. चुलीवर स्वयंपाक करून आलेल्या बाईचा आकडा बिडी न ओढताही चढलेला असतो, तिला चुलीपासून उठून किती वेळ झाला ते विचारा. दूध न पचणाऱ्यांच्या श्वासात हायड्रोजन येतो आणि काही यंत्रं त्यालाच कार्बन मोनॉक्साइड समजतात. आणि तंबाखू, मावा, मिश्री यांचा इथे काहीच पत्ता लागत नाही. त्यासाठी लाळेतलं कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) तपासावं लागतं. ते दोन-तीन दिवस टिकतं, पण निकोटिनचा गम चघळणाऱ्यातही सापडतं. गम देत असाल तर कोटिनिनवर सोडल्याची खात्री करता येत नाही. तिथे अॅनाबेसिन पाहावं लागतं, ते तंबाखूत असतं आणि गममध्ये नसतं. ही चाचणी महाग पडते, म्हणून सोडल्याचं सांगणाऱ्यांतल्या चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काहींचीच करा.

सोडवताना

तारीख पुढच्या दोन आठवड्यांतली ठरवा. 'हळूहळू कमी करतो' हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण ब्रिटनमध्ये ६९७ जणांवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका दिवशी थेट सोडणारे चार आठवड्यांनी ४९ टक्के टिकले, हळूहळू सोडणारे ३९ टक्के. बाजाराचा दिवस नको, कारण पगार आणि दारू त्याच दिवशी असतात. एका टोळीतले तिघे-चौघे एकदम सोडत असतील तर त्यांना एकच तारीख द्या.

गम कसा चघळायचा हे दाखवल्याशिवाय देऊ नका. आपल्याकडचा माणूस तो सुपारीसारखा करकर चावतो, निकोटिन एकदम गिळलं जातं, उचकी लागते, मळमळतं, आणि पाकीट कोनाड्यात जातं. पद्धत अशी: आठ-दहा वेळा सावकाश चावायचं, जिभेला तिखट चरचर आली की थांबायचं, गम गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा. चरचर गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावून जागा बदलायची. असा अर्धा तास. तंबाखूचा बार धरणाऱ्याला हे एका वाक्यात कळतं, बिडीवाल्याला दोनदा करून दाखवावं लागतं. आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सोडा, लिंबूसरबत बंद, कारण तोंड आंबट असेल तर निकोटिन शोषलंच जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, नाहीतर २. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन चार ते आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर नाही. लोक बहुतेक जास्त घेत नाहीत, फार कमी घेतात: दिवसाला दोन चघळतात आणि 'उपयोग नाही' म्हणतात. गरोदर बाई, नुकता हृदयविकाराचा झटका आलेला माणूस, यांना डॉक्टरांकडूनच. बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन या गोळ्याही डॉक्टरांच्याच, आणि फिट येणाऱ्याला बुप्रोपिऑन चालत नाही.

त्रास काही तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त, मग दोन ते चार आठवड्यांत उतरतो. हे आधी सांगा. तिसऱ्या दिवशी घसरलेला माणूस 'मला जमत नाही' म्हणतो, प्रत्यक्षात तो सर्वांत वाईट दिवशी घसरलेला असतो. म्हणून पहिला फोन तिसऱ्या दिवशी करा, सातव्या नव्हे. तलफ एका वेळी काही मिनिटंच टिकते. तेवढ्यात पाणी प्यायचं आणि जागा सोडायची.

आपल्याकडची दोन खास कारणं छापील पत्रकांत येत नाहीत. पहिलं पोटाचं: 'बिडी ओढल्याशिवाय परसाकडला होत नाही.' हे नाटक नाही. निकोटिन आतड्याला चालना देतं, सोडल्यावर दोन-तीन आठवडे खरंच अडतं. रात्री एक चमचा इसबगोल पेलाभर पाण्यात आणि वर आणखी पाणी, जेवणात पालेभाजी, आणि 'हे जाईल' हा शब्द. दुसरं चहाचं: बिडीचा धूर यकृताला कॅफिन लवकर संपवायला लावतो. धूर बंद झाला की तेवढ्याच चहातलं कॅफिन रक्तात जास्त वेळ राहतं, छातीत धडधडतं, झोप येत नाही, आणि माणूस ते बिडीच्या तलफेच्या खात्यावर लिहितो. चहा निम्मा करायला सांगा. हातात काहीतरी हवं म्हणून बडीशेप, लवंग चालेल. नुसती सुपारी चालणार नाही, ती स्वतःच कर्करोग करते.

फोनवर मदत लागली तर राष्ट्रीय तंबाखू मुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६, फुकट आहे. हा आकडा पत्रकावर छापण्याऐवजी माणसाच्या मोबाइलमध्ये 'बिडी' या नावाने साठवून द्या. वाचता न येणाऱ्याला फोनवर बिडीचा फोटो लावून द्या.

आणि वयाचा हिशोब सांगा. ब्रिटिश डॉक्टरांवरच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासात तिशीत सोडणाऱ्यांना दहा, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन वर्षं परत मिळाली. साठीतल्या माणसाला 'आता काय उपयोग' या उत्तरासाठी तीन हा आकडा पुरतो.

उन्हासाठी: आधी कापड, मग क्रीम

क्रीमवर मोहीम उभारण्याआधी गुणाकार करा. पाकिटावरचा एसपीएफ (क्रीम ऊन किती अडवतं तो आकडा) हा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या जाड थरावर मोजलेला असतो. चेहरा, मान, कान मिळून एक छोटा चमचा, दोन्ही हातांना आणखी एक, म्हणजे एका वेळी साधारण १० मिलिलिटर. दर दोन तासांनी पुन्हा. दिवसातून फक्त दोनदा लावलं तरी ५० मिलिलिटरची नळी अडीच दिवसांत संपते. रोजंदारीवरचा माणूस ती महिनाभर पुरवतो, म्हणजे नावालाच लावतो, आणि संरक्षण पाकिटावरच्या आकड्याच्या कितीतरी खाली येतं. वापर मोजायचा असेल तर विचारू नका, नळी दिली त्या दिवशी आणि पंधरा दिवसांनी ०.१ ग्रॅमच्या काट्यावर वजन करा. क्रीमचा उपयोग नाही असं नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात १९९२ ते १९९६ मध्ये रोज क्रीम लावणाऱ्यांत त्वचेचा एक प्रकारचा कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी घटला. पण तिथे क्रीम फुकट आणि भरपूर दिलं होतं. आपल्याकडे ते कोड असलेल्यांसाठी आणि वांगाच्या डागांसाठी राखा.

बाकीच्यांसाठी कापड. विटांवर, कापसात, कांद्याच्या वाफ्यात बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घालतात. यापेक्षा स्वस्त आणि चांगला उपाय कोणत्याही मोहिमेने शोधलेला नाही, त्याची भलामणच करा. फक्त कापड उजेडात धरून बघा: पलीकडची बोटं मोजता आली तर ते धुऊन विरलेलं आहे. गडद आणि घट्ट विणीचं बरं. ओलं सुती कापड ऊन जास्त आत सोडतं, तरीही मे महिन्यात विदर्भात डोक्यावरचं उपरणं ओलं करणाऱ्याला अडवू नका. उष्माघात आज मारतो, मोतीबिंदू वीस वर्षांनी येतो.

गांधी टोपी आणि क्रिकेटची कॅप यांत कान आणि मान उघडी राहतात. काठ चहूबाजूंनी निदान ७.५ सेंटिमीटर हवा. हेल्मेट सक्तीचं असेल तिथे टोपी सुचवू नका आणि हेल्मेटखाली जाड टॉवेलही नको, पट्टा ढिला होतो. हेल्मेटवरून चढणारा मानेचा पडदा शिंप्याकडून शिवून घ्या. चष्म्यावर 'यूव्ही ४००' (अतिनील किरण अडवतो ही खूण) लिहिलेलं असावं आणि तो कडेने गोलाईदार असावा. नुसती काळी काच वाईट, कारण काळोखात बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात.

सावलीची जागा हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय, आणि तो ठेकेदाराकडे असतो. त्याच्याशी बोला ते तीन मुद्द्यांवर. सुट्टी १२ ते २ मध्ये ठेवा, १ ते २ मध्ये नको. मांडव टपरीपासून दूर, पाण्याच्या पिंपाशेजारी आणि मुतारीच्या वाटेवर घ्या, म्हणजे माणसं आपोआप तिथे थांबतात. वर ५० टक्क्यांची हिरवी जाळी नको, ती निम्मं ऊन सोडते. ताडपत्री किंवा पत्रा हवा आणि पश्चिमेला खाली सोडलेली एक बाजू. कोवळ्या काँक्रीटवरून आणि वाळूवरूनही ऊन परावर्तित होऊन खालून लागतं, म्हणून मांडव ओल्या मातीवर किंवा गवतावर जमला तर बरं. मांडवात बिडी नाही, ही पाटी मुकादमाच्या नावाने लावा, संस्थेच्या नावाने नको. सार्वजनिक जागी धूम्रपानबंदीच्या २००८ च्या नियमांत कामाची ठिकाणं सार्वजनिक जागांत धरली आहेत, त्यामुळे पाटीला कायद्याचा आधार आहे. पण दंडाची भाषा सुरू केलीत तर दुसऱ्या दिवशी मांडव रिकामा आणि टपरी भरलेली.

किती माणसं, किती काळ

सल्ला न दिलेल्या गटात ५ टक्के आणि दिलेल्या गटात १० टक्के सोडतील असं धरलं, तर तो फरक ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात ४३५ माणसं लागतात. शंभर-शंभर घेऊन 'फरक नाही' म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. आणि तुम्ही साइटप्रमाणे गट पाडणार, कारण एकाच टोळीत अर्ध्यांना गम देता येत नाही. एका साइटवर २० माणसं आणि टोळीतल्या माणसांचं एकमेकांसारखं वागणं ०.०२ धरलं, तर ४३५ ला १.३८ ने (१ + १९ × ०.०२) गुणावं लागतं: साधारण ६००, म्हणजे प्रत्येक गटात ३० साइट. इतकं जमणार नसेल तर आधी-नंतर अशी साधी पाहणी करा आणि तिला चाचणी म्हणू नका. चाचणी करणार असाल तर नैतिकता समितीची मान्यता आणि पहिला माणूस घेण्याआधी भारतीय चाचणी नोंदवहीत नोंद, हे दोन्ही लागतं.

सोडलं कधी म्हणायचं? ठरलेल्या तारखेपासून ६ महिन्यांत पाचपेक्षा जास्त बिड्या नाहीत आणि शेवटी यंत्रावर खात्री. जे सापडत नाहीत ते ओढतात असं धरायचं. ऊसतोड टोळ्यांच्या बाबतीत हा नियम जीव काढतो. दिवाळीच्या आगेमागे बीड-अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) भागातून निघालेला 'कोयता', म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, मार्चपर्यंत दुसऱ्याच जिल्ह्यात असतो. म्हणून नाव लिहितानाच माणसाचा एक नंबर, गावात राहणाऱ्या दोन नातेवाइकांचे नंबर, मुकादमाचं नाव आणि कारखान्याचं नाव लिहा. रिचार्ज संपलेले फोन काही काळाने बंद होतात, पण कारखान्याच्या शेतकी विभागाकडे टोळीचा तळ कुठे आहे याची यादी असते. ती मिळवायला पत्र दोन महिने आधी द्या.

अहवालात तीन आकडे शेजारी-शेजारी द्या: स्वतः सांगितलेले, यंत्राने खात्री झालेले, आणि न सापडलेले. उन्हाच्या बाजूला तसेच तीन: विचारून आलेले, टोप्या मोजून आलेले, आणि त्या दिवसाची काठीची सावली. श्वास मोजणारं यंत्र शेवटच्या फेरीआधी प्रमाणित वायूने तपासून घ्या आणि तपासणीचा आकडा पहिल्या फेरीच्या आकड्याशेजारी लिहा. दोन्हींत फरक असेल तर सहा महिन्यांची तुलना करता येत नाही, आणि हे तक्ते बनवून झाल्यावर कळलं तर परत साइटवर जायला पैसे उरलेले नसतात.